नव्या पुलावरून डावीकडे: जपानी आरपीजीत वाट सापडत नसेल तर

शनिवारवाड्याकडून महापालिकेकडे जाणारा नवा पूल 1923 सालचा. कागदोपत्री तो शिवाजी पूल, पण आमच्या घरात पणजीपासून भाचीपर्यंत सगळे त्याला नवाच म्हणत आले. लकडी पुलात तर लाकडाची ढलपीही उरलेली नाही. तरी ‘नव्या पुलावरून ये’ म्हटलं की पुणेकर चुकत नाही. पत्ता पाटीवर नसतो, माणसांच्या तोंडी असतो. बाहेरगावचा पाहुणा मात्र त्याच चौकातून तीनदा फिरतो आणि शेवटी टपरीवर विचारतो.

जपानी आरपीजीत, म्हणजे पात्र होऊन लांबलचक गोष्ट पुढे न्यायच्या व्हिडिओ गेममध्ये (रोल-प्लेइंग गेम), आपण तो पाहुणा असतो. गावातली म्हातारी म्हणते, पूर्वेच्या डोंगरात हल्ली दिवे दिसतात म्हणे. पूर्वेला दोन वाटा, एक गुहा आणि एक न उघडणारं दार. जेवणं-भांडी आटोपून रात्री मिळालेला एकुलता तास त्या दारापुढे जातो. कॉलेजपासून मी हे गेम खेळतेय, म्हणजे वीसेक वर्षं अडकतेय. आधी वाटायचं आपली अक्कल कमी पडते. मग काही वर्षं गेम बनवणाऱ्यांना शिव्या घातल्या. आता एक पद्धत बसली आहे, ती इथे सविस्तर लिहिते.

निम्मा गेम डिस्कबाहेर असतो

हे एकदा समजलं की निम्मा राग जातो. 1984 साली जपानमधल्या आर्केडमध्ये, म्हणजे नाणं टाकून गेम खेळायच्या दुकानांत, ‘टॉवर ऑफ ड्रुआगा’ आला. साठ मजल्यांचा मनोरा, आणि मजल्यामजल्यावर दडवलेला खजिना बाहेर काढायच्या अटी इतक्या विचित्र की एकट्याला सुचणं शक्यच नाही. तिथली पोरं आर्केडमध्ये वही ठेवायची. ज्याला जे सापडलं ते तो लिहून जायचा, पुढचा वाचून पुढे सरकायचा. 1986 साली ‘ड्रॅगन क्वेस्ट’ आला. तो रचणारे युजी होरी आधी ‘शोनेन जंप’ या साप्ताहिकात लिहायचे, आणि त्याच साप्ताहिकात गेमबद्दलची माहिती छापून यायची. पुढे प्रत्येक मोठ्या गेमचं जाडजूड मार्गदर्शक पुस्तक बाजारात यायला लागलं. त्याला ‘कोऱ्याकुबोन’ म्हणतात. माझी भाची रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जपानी शिकते. ती म्हणाली, ‘‘मावशी, कोऱ्याकु म्हणजे किल्ला सर करणं.’’ म्हणजे गेम हा गड, आणि गडाची वाट सांगणारा वाटाड्या वेगळा विकत मिळणार.

अमेरिकेत 1995 साली ‘अर्थबाउंड’ विकला तो मोठ्या खोक्यात, मार्गदर्शक पुस्तकासकट. आपल्याकडे पुस्तक आलं नाही, मासिक आलं नाही, आणि शाळेच्या डब्यात चर्चा व्हायची ती क्रिकेटची. गेम तेवढा आला. त्यामुळे जपानी पोराभोवती जे आपोआप होतं, ते आपल्याला हाताने उभं करावं लागतं: एक वही, एखादा जाणकार, आणि बेताने वाचलेला गाइड.

गेम निवडतानाच अर्धं काम करा

पहिलाच जपानी आरपीजी असेल तर ‘ड्रॅगन क्वेस्ट इलेव्हन एस’ घ्या. हा गेम माणसाला विसरायची मुभा देतो. सेव्ह उघडलं की आतापर्यंतची गोष्ट थोडक्यात सांगतो, आणि पार्टीतल्या, म्हणजे आपल्यासोबत लढणाऱ्या, लोकांशी गप्पा मारल्या की ते पुढे कुठे जायचं ते बोलून दाखवतात. ‘सागा’ मालिकेने सुरुवात करू नका. जुन्या ‘रोमान्सिंग सागा’त जितक्या लढाया कराल तितका गेममधला काळ पुढे सरकतो आणि काही कामं कायमची निघून जातात. सरळमार्गी माणूस आधी नीट तयारी करू म्हणून लढत बसतो आणि नेमका तोच फसतो. (2024 साली आलेला दुसऱ्या भागाचा नवा अवतार बराच समजूतदार आहे, तिथे कुठे जायचं ते दिसतं.)

आवृत्ती नीट बघून घ्या. ‘पर्सोना फाइव्ह’ आणि ‘पर्सोना फाइव्ह रॉयल’ हे दोन वेगळे गेम समजा. ‘फायनल फँटसी ट्वेल्व्ह’चा 2006चा मूळ गेम आणि 2017चा ‘झोडिॲक एज’ यांत शस्त्रं कुठे मिळतात इथपासून फरक आहे. एकाचा गाइड दुसऱ्याला लावलात तर अडकलेल्या गाडीचं दुसरं चाकही चिखलात जाईल.

पहिली संध्याकाळ

पहिल्या दोन-तीन तासांत या गेमना बोलायची भारी हौस असते. मेन्यू असा उघडा, औषध असं प्या, तलवार अशी धरा. जे कुठल्याही पोराला कळतं ते चारचारदा सांगतील. मग तिसाव्या तासाला नवीच यंत्रणा येते, तिच्याबद्दल तीन पानं झपाट्याने समोरून जातात, आणि पुन्हा कधीच दिसत नाहीत. ‘झेनोब्लेड क्रॉनिकल्स टू’ या बाबतीत सर्वांत छळवादी. त्याची लढाईची पद्धत सुंदर आहे, पण ती शिकवणारी पानं एकदा बंद केली की परत उघडत नाहीत. वर त्याच गेममध्ये माहिती विकणारे लोक आहेत, त्यांना पैसे मोजून टिप्स घ्यायच्या!

उपाय साधा आहे. सूचनेचं पान आलं की वाचायच्या आधी फोटो काढा. निन्टेंडो स्विचवर आणि प्लेस्टेशनवर त्यासाठी वेगळं बटण असतं, पीसीवर स्क्रीनशॉट, काहीच जमलं नाही तर फोन. सगळे फोटो एका फोल्डरमध्ये. वाचायची घाई नाही, गरज पडेल तेव्हा वाचा.

त्याच संध्याकाळी सेव्हची शिस्त लावा. तीन जागा ठेवा आणि आळीपाळीने वापरा. चौथी जागा फक्त मोठ्या गुहेत किंवा किल्ल्यात शिरण्याआधीच्या सेव्हसाठी. कारण आत सेव्ह केलं, मागचं दार बंद झालं आणि औषधं संपली, तर एकाच सेव्हवर खेळणाऱ्याला चाळीस तास पाण्यात घालून पहिल्यापासून सुरू करावं लागतं. जुन्या गेममध्ये ठरावीक ठिकाणीच सेव्ह होतं, हेही लक्षात असू द्या. गुरुवारी घरी असाल तर जास्तच. गुरुवारी आमच्याकडे दुरुस्तीसाठी लाईट जाते हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे, तरी एका सुट्टीच्या गुरुवारी मी इन्व्हर्टरच्या भरवशावर बॉसला, म्हणजे वाट अडवून बसलेल्या मोठ्या शत्रूला, भिडले. इन्व्हर्टरवर पंखा होता, टीव्ही नव्हता.

वही

अप्पा बळवंत चौकात मिळते ती साधी शंभर पानी वही पुरते. मोबाइलवर लिहिलं तरी चालेल, पण मोबाइल हातात घेतला की अर्धा तास भलतीकडे जातो हा माझा अनुभव.

वही म्हटलं की नव्या पोरांना हसू येतं. पण पहिल्या जपानी ‘ड्रॅगन क्वेस्ट’मध्ये सेव्हच नव्हतं. खेळ थांबवताना गेम हिरागाना लिपीतली वीस अक्षरं द्यायचा, 1987च्या दुसऱ्या भागात तर बावन्नपर्यंत. ती कागदावर उतरवायची, दुसऱ्या दिवशी जशीच्या तशी भरायची. एक अक्षर चुकलं की सगळं गेलं. म्हणजे कागद-पेन हा या खेळाचा जन्मापासूनचा भाग आहे.

वहीत काय लिहायचं? गोष्टीचा सारांश अजिबात नको, तो कुणी परत वाचत नाही. एका पानावर बंद दारं: जिथे जिथे वाट अडली ते ठिकाण आणि कशामुळे अडली. निळा दगड, तुटलेला पूल, जागचा न हलणारा पहारेकरी. शंभरातल्या नव्वद वेळा ‘आता कुठे जायचं’ याचं उत्तर या पानावर असतं, कारण गेमने नुकतीच तुम्हाला होडी किंवा किल्ली दिलेली असते आणि पंधरा तासांपूर्वी जिथून परत फिरलात तिथेच आता जायचं असतं. दुसऱ्या पानावर माणसांची नावं आणि गाव. तिसऱ्यावर, रोज बंद करण्याआधी, एकच वाक्य: पुढे काय करायचं आहे. या वाक्याकडे शेवटी परत येते.

मंत्रांची बाराखडी

‘पर्सोना’ किंवा ‘शिन मेगामी टेन्सेई’ खेळणार असाल तर हे पाठच करा, कारण गेम नीट समजावत नाही. आगी म्हणजे आग, बुफू बर्फ, झिओ वीज, आणि ‘पर्सोना’त गारू वारा. पुढे ‘मा’ लागला की तोच मंत्र सगळ्या शत्रूंवर: मारागी, माबुफू, माझिओ, मागारू. शेवटी ‘डाइन’ लागलं की जबर. दिआ एकाला बरं करतो, मेदिआ सगळ्यांना. तारुकाजा हल्ला वाढवतो, राकुकाजा बचाव, सुकुकाजा नेम आणि चपळाई. हेच मंत्र ‘काजा’ऐवजी ‘न्दा’ने संपले, तारुंदा, राकुंदा, सुकुंदा, की शत्रूचं तेच कमी होतं. संधी-समास घोकलेल्याला हे दोन दिवसांचं काम आहे. ‘फायनल फँटसी’त फायर, फायरा, फायरागा अशी चढती भाजणी, प्रोटेक्ट शस्त्रांच्या माराला आणि शेल जादूच्या माराला.

अडकलात की आधी प्रकार ओळखा

‘अडकले’ या एका शब्दात चार वेगळ्या गोष्टी असतात आणि प्रत्येकीचं औषध वेगळं. वाट सापडत नाही, यंत्रणा कळत नाही, बॉस हरत नाही, किंवा काहीतरी हातातून सुटल्याची भीती वाटते. लोक चारही आजारांवर एकच गोळी घेतात, लढून लढून पात्रांची लेव्हल वाढवत बसतात.

वाट सापडत नसेल तर मी या क्रमाने जाते. शेवटी जिथे गोष्ट पुढे सरकली त्या गावातल्या सगळ्यांशी परत बोलायचं. एकेका माणसाशी दोनदा, कारण दुसऱ्या वेळी वाक्य बदलतं. घटना घडली की गावकऱ्यांची बडबड बदलते आणि बदललेलं वाक्य हाच इशारा असतो. मग मेन्यूतली नोंद बघायची. मग धर्मशाळेत एक रात्र काढायची. बऱ्याच गेममध्ये पुढचा प्रसंग झोपल्याशिवाय सुरूच होत नाही. मग बंद दारांचं पान. एवढं करून वीस मिनिटं झाली आणि काहीच हललं नाही, तर गाइड उघडायचा. वीस मिनिटांच्या पुढे जो वेळ जातो त्यात खेळही नसतो आणि डोकंही चालत नसतं, नुसता हट्ट असतो.

काही जुन्या गेमनी हे काम छान केलंय. 1995च्या ‘क्रोनो ट्रिगर’मध्ये शेवटाकडे काळाच्या टोकाला बसलेला एक म्हातारा उरलेल्या सगळ्या कामांबद्दल एकेक वाक्य सांगतो. ठिकाण सांगत नाही, पण विचार करायला पुरेसं सांगतो. तीस वर्षं झाली, तरी त्या म्हाताऱ्याइतकी नेमकी मदत मला फार कमी गेममध्ये मिळाली.

बॉस हरत नसेल तर

लेव्हल वाढवायला पळू नका. आधी एक लढाई हरण्यासाठीच लढा. त्या लढाईत बॉस कोणत्या प्रकारचा मार देतो आणि कोणत्या पाळीला, तेवढंच बघायचं. मग अंगावरचे दागिने-कवचं बदला. मग बफ-डिबफ, म्हणजे आपलं बळ वाढवणारे आणि शत्रूचं कमी करणारे मंत्र, वापरा. आपल्याकडे अनेकांना सवय असते की मारायचं आणि बरं व्हायचं, बाकीचे मंत्र शोभेचे. ‘शिन मेगामी टेन्सेई थ्री नॉक्टर्न’मधला माटाडोर हा याच सवयीला दिलेला फटका आहे. तो स्वतःची चपळाई एकदम टोकाला नेतो, मग तुमचे वार हवेत जातात. सुकुकाजा किंवा सुकुंदा नसेल आणि त्याच्या वाऱ्यासारख्या फोर्सच्या माराला दाद न देणारी फौज नसेल, तर दहा लेव्हल वाढवूनही दम निघेल. हे गेमने आधी एका वाक्यात सांगायला काय हरकत होती, हा प्रश्न मला अजून पडतो.

लेव्हल खरोखरच हवी अशीही ठिकाणं आहेत. ‘याकुझा: लाइक अ ड्रॅगन’चं बारावं प्रकरण कुप्रसिद्ध आहे. तोवर हसतखेळत चाललेला गेम अचानक भिंतीसारखा उभा राहतो. त्याआधी लढायांचा आखाडा उघडतो, तिथे दोन संध्याकाळी घालवा आणि मगच पुढे जा. उलट 1999च्या ‘फायनल फँटसी एट’मध्ये तुमची लेव्हल वाढली की शत्रूंचीही वाढते. तिथे जोर येतो तो गोळा केलेली जादू अंगाला जोडण्यातून. ‘जास्त लढा’ हा सल्ला तिथे चक्क उलटा पडतो.

आणि सोपी पातळी असेल तर वापरा, त्यात लाज कसली? ‘फायनल फँटसी सेव्हन’च्या आताच्या कन्सोल आवृत्त्यांत तिप्पट वेग आणि अचानक येणाऱ्या लढाया बंद करायची सोय आहे. वाट शोधताना दर दहा पावलांवर लढाई होणार नसेल तर वाट लवकर सापडते.

न सांगता हिरावून घेतलेलं

लपवलेली वाट मला चालते. पण इशारा न देता काही कायमचं काढून घेणं ही नुसती लबाडी आहे.

‘फायनल फँटसी ट्वेल्व्ह’च्या मूळ आवृत्तीत एक जबरदस्त भाला आहे. तो हमखास मिळवायचा तर वाटेतल्या चार ठरावीक पेट्या उघडायच्या नाहीत. कोणत्या, ते गेममध्ये कुणीही सांगत नाही, आणि पहिली पेटी येते तेव्हा तुम्ही नवशिके असता, दिसेल ती पेटी उघडत असता. ‘पर्सोना फाइव्ह रॉयल’मध्ये ज्या नव्या सत्रासाठी लोक गेम परत विकत घेतात, ते दिसायला समुपदेशक मारुकीशी असलेलं नातं गेममधल्या 18 नोव्हेंबरच्या आधी नवव्या पायरीवर न्यावं लागतं. नाही नेलं तर गेम आधीच संपतो, आणि शंभर तास खेळलेल्या माणसाला काही राहिलं हे कळतही नाही. ‘फायनल फँटसी सेव्हन’मधली युफी जंगलात भेटते, तिला हरवलं की समोर सेव्हची जागा दिसते. आजवर गेमने शिकवलेलं असतं, सेव्ह दिसलं की सेव्ह करा. इथे केलंत की ती पैसे घेऊन पसार. ही एक चेष्टा मात्र मला आवडते, कारण युफी नंतर परत गाठता येते.

म्हणून नियम असा. गेम सुरू करायच्या आधी फक्त सुटणाऱ्या गोष्टींची यादी शोधा. शोधताना गेमच्या नावापुढे ‘मिसेबल’ आणि ‘नो स्पॉइलर’ लिहा. यादीतून दोनच प्रकार वहीत उतरवा: ज्याने शेवट बदलतो आणि ज्याने पार्टीतला माणूस येतो किंवा जातो. तारीख किंवा ठिकाण, आणि काय करायचं, एवढंच. बाकीची शस्त्रं, पत्ते, खेळणी जाऊ द्या. सगळं गोळा करायच्या नादात ‘फायनल फँटसी टेन’मध्ये सलग 200 विजा चुकवत बसलेली एक बाई मी आरशात पाहिली आहे.

गाइड कसा वाचायचा

व्हिडिओपेक्षा मजकूर बरा. व्हिडिओच्या चित्रातच कोण मरतं ते दिसतं. गेमफॅक्स हे संकेतस्थळ 1995पासून आहे, तिथल्या साध्या मजकुराच्या गाइडमध्ये ठिकाणाचं नाव शोधा, तो परिच्छेद वाचा आणि बंद करा. पात्राचं नाव शोधपट्टीत कधीही टाकू नका; दोन अक्षरं लिहिली की पट्टी स्वतःच पुढे ‘मृत्यू’ सुचवते. चॅटबॉटला विचारलंत तर तो ठाम आवाजात नसलेल्या गुहेत पाठवू शकतो, तेव्हा पडताळा घ्या. आणि आधी हा गेम खेळलेलं कुणी ओळखीचं असेल तर त्याला विचारा. प्रश्न ‘कुठे जाऊ?’ असा न विचारता ‘मी योग्य भागात आहे का?’ असा विचारा. हो-नाहीत उत्तर मिळतं, मजा उरते.

कधीकधी चूक वाटेची नसते, भाषांतराची असते. ‘फायनल फँटसी सेव्हन’च्या 1997च्या इंग्रजी आवृत्तीत पहिल्याच बॉसशी, त्या यांत्रिक विंचवाशी लढताना नायक ओरडतो की शेपटी वर असताना हल्ला कर, आणि पुढच्या चौकटीत येतं की तो लेझरने उलटा मारेल. सांगायचं होतं ते असं: शेपटी वर असताना हल्ला केलास तर तो लेझरने मारेल. मराठीत हे एका ‘तर’वर भागतं. इंग्रजीत येताना तो ‘तर’ गळला, आणि आज्ञाधारक खेळाडूंनी शेपटी वर गेली की मारून मार खाल्ला. म्हणून सूचना पाळूनही हरत असाल तर एकदा तिच्या बरोबर उलट करून बघा.

आपणच एकटे वैतागतो असंही नाही. 2022 साली ‘एल्डन रिंग’ आला तेव्हा भेटलेली माणसं नकाशावर दिसतच नव्हती. मार्चमधल्या अपडेटमध्ये ती दिसायला लागली.

खंड पडला तर

गणपतीचे दहा दिवस, घरातलं लग्न, ऑफिसचं रिलीज. तीन आठवड्यांनी गेम उघडला की हात बटणं विसरलेले असतात. लगेच पुढे जाऊ नका. शेवटच्या गावाबाहेर पाच फालतू लढाया करा, सूचनांचे फोटो चाळा, औषधांचा साठा बघा. मग वहीतलं ते शेवटचं वाक्य वाचा. ते लिहिताना स्वतःवर दया करा: माणसाचं नाव, गाव आणि कारण, तिन्ही हवीत. माझ्या मागच्या वहीत दिवाळीच्या आदल्या रात्रीची नोंद आहे, दोनदा अधोरेखित केलेली: ‘त्याला भेटणे. फार महत्त्वाचे.’ कोणाला, ते मला अजून सापडलेलं नाही.